उताराचा आवाज

ग्रेगने व्हॅनचं दार उघडून धरलं होतं आणि मी आत बसत नव्हते.

"पायरी जरा उंच आहे," तो म्हणाला. "हात देऊ?"

"पायरीचं काही नाही. मला व्हॅनमधून जायचं नाहीये."

ग्रेग आमच्या सायकल सहलीचा वाटाड्या होता. तिशीतला, अतिशय सभ्य माणूस. त्याने माझ्याशी बोलणं थांबवलं आणि माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याला विचारलं, "आता काय करायचं?"

"पाच मिनिटं दे," मुकुंद इंग्रजीत म्हणाला. "ती ऐकेल."

आंधळ्या माणसासमोर लोक असं बोलतात. डोळ्यांबरोबर कानही गेले असं धरून चालतात. मला त्याची सवय होती, पण मुकुंदने तोवर कधी असं केलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं.

"मुकुंद, मी इथेच उभी आहे," मी मराठीत म्हणाले.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पन्नाशी नुकती ओलांडली होती. माझी नजर तिशीपासूनच अधू होत चालली होती, आधी रात्रीची, मग दोन्ही बाजूंची, आणि पंचेचाळिशीला उरलीसुरलीही गेली. नाशिकच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. डोळे गेल्याने शिकवण्यात काही अडत नव्हतं, इतकी वर्षं तेच शिकवत होते. पण आमच्या प्राचार्यांनी फार प्रेमाने मला ऑफिसात एक खुर्ची दिली आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही आता बसा. त्यानंतर मला जितक्या खुर्च्या मिळाल्या तितक्या आधीच्या अख्ख्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. लग्नाला गेलं की खुर्ची, बँकेत गेलं की खुर्ची. कुणाकडे जेवायला गेलं तर बाकी बायका स्वयंपाकघरात हसतायत आणि मी बाहेर पंख्याखाली खुर्चीत.

त्यातून मला उठवलं ते मुकुंदनेच, हे आधी सांगायला हवं. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. एके दिवशी तो कुणाकडून तरी जुनी टँडेम घेऊन आला. दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल. पुढच्याच्या हातात हँडल, गिअर, ब्रेक सगळं; मागच्याने फक्त पाय मारायचे. दर रविवारी आम्ही गंगापूर धरणाकडे नाहीतर त्र्यंबक रोडला जायचो. मुकुंद पुढून सांगत राहायचा, आता डावीकडे द्राक्षाचे मळे, आता ढग उतरलेत बघ. उतार लागला की वेगाचा आकडा ओरडून सांगायचा. "पस्तीस, निरू, पस्तीसने चाललोय." मी मागे बसून हसत सुटायचे.

इंग्लंडची सहल मात्र माझी कल्पना. श्रॉपशर नावाच्या भागात नुसत्या टेकड्या आहेत, एक चढायची, उतरायची, की दुसरी तयार. मध्ये छोटी गावं. पाच दिवसांची सहल, सामान व्हॅनमधून पुढे जाणार, आपण सायकलवर. टँडेमही तिथेच भाड्याने मिळाली. पहिल्याच सकाळी जंगलातल्या रस्त्याने जाताना मला लसणाचा घमघमाट आला आणि मी विचारलं, "इथे कोण फोडणी देतंय?" मुकुंद इतका हसला की सायकल डुलायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानलसूण फुलला होता.

आणि मग आदल्या संध्याकाळी आम्ही पडलो. पावसाने आणि गायींच्या शेणाने बरबटलेला उतार होता. उताराला लागलं की टँडेममधून घासल्यासारखा एक आवाज यायचा, घर्रर्र असा. नाशिकला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुकुंद म्हणाला होता, एवढ्या लांब सायकलला उतारावर तो असतोच. इथल्या टँडेमलाही होता. त्या संध्याकाळी तो आवाज एकदम बंद झाला, मागचं चाक सरकलं आणि आम्ही आडवे. माझं कोपर सोललं, गुडघा जरा सुजला. मुकुंदला काहीच लागलं नाही. पण जेवताना त्याचा कप बशीवर वाजत होता, ते मी ऐकत होते.

सकाळी उठल्यावर त्याने सांगितलं, उरलेली सहल आपण व्हॅनमधून करू. "छान दाखवतो तुला सगळं," असं म्हणाला.

बंद काचांच्या व्हॅनमध्ये मला इंग्लंड म्हणजे सीटच्या कापडाचा वास आणि इंजिनाची घरघर. तेवढ्यासाठी एवढा विमानप्रवास कशाला करायचा?

"तुझा गुडघा सुजलाय," मुकुंद म्हणाला.

"गुडघा माझा आहे. वाकतोय."

"निरू, तमाशा नको करूस. बाकीचे पुढे गेलेत. ग्रेग खोळंबलाय."

"त्याला जाऊ दे. सामान घेऊन जा म्हणावं. दुपारी न्यायला येईल तेव्हा बघू."

मुकुंदने मग शेवटचा उपाय काढला. पुण्याला आमच्या लेकीला, सईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आई, हट्ट करू नकोस ना," सई म्हणाली. "बाबा किती घाबरलेत, माहितीये तुला?"

"माहितीये."

"मग? काही झालं म्हणजे?"

"तू मागच्या वर्षी मोटरसायकलवरून लेहला गेलीस, तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"जपून जा म्हणाली होतीस."

"मग तेवढंच म्हण."

"जपून जा, आई," सई म्हणाली, आणि मी फोन मुकुंदला परत दिला.

व्हॅनचं दार सरकून बंद झालं. ग्रेग आमचं सामान घेऊन एकटाच गेला.

आम्ही रात्री उतरलो होतो त्या गेस्ट हाउसची मालकीण डोरीन. सत्तरीला टेकलेली बाई, खर्जातला आवाज, हाताला कायम साबणाचा वास. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण ती मराठीत बोलली असती तर तिने मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच केलं असतं, म्हणून मी तसंच सांगते. आम्हाला अंगणात उभं बघून तिने स्वयंपाकघरात बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "तुला दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही?"

"उजेड कुठून येतो तेवढं कळतं. कधीकधी."

"मग मागे बसून काय करतेस?"

"पाय मारते. वास घेते. ऐकते."

"केन झोपायचा," डोरीन म्हणाली. "माझा नवरा. आमचीही टँडेम होती, वीसेक वर्षं फिरलो. मी पुढे, तो मागे."

"तुम्ही पुढे?" मुकुंदने विचारलं.

"त्याला पुढे बसवलं की प्रत्येक पबपाशी सायकल आपोआप वळायची."

मी हसले. मुकुंद हसला नाही. माझ्या डोक्यात जे आलं ते मी लगेच बोलून टाकलं, कारण थांबले असते तर त्याने ओळखलं असतं.

"डोरीन, आज दुपारपर्यंत तुला काय काम आहे?"

नळ बंद झाला. "चादरी बदलायच्यात. सात पलंग."

"चादरी थांबतील?"

"आजवर कधी पळून गेल्या नाहीत," डोरीन म्हणाली. हात पुसल्याचा आवाज आला. "सीट खाली घ्यावी लागेल. तुझा नवरा उंच आहे. केनची हत्यारं शेडमध्ये आहेत, आणते."

ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि मुकुंदने खुर्ची मागे सारली.

"हे काय चाललंय?"

"मी सायकलवरून पुढच्या मुक्कामाला जातेय. तू व्हॅनमधून ये."

"त्या बाईबरोबर? काल भेटलेल्या? तिचं वय बघितलंस का?"

"नाही बघितलं."

"निरू, चेष्टा नको."

"मी चेष्टा करत नाहीये. तिने वीस वर्षं टँडेम चालवलीय. तू सहा वर्षं चालवतोयस."

"काल तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? सांग ना. ह्या परक्या देशात, कुणाला हाक मारली असती?"

"काल मी तुझ्याच मागे बसून पडले, मुकुंद."

ते मी बोलायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो हळूच म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतोय."

"मग तू नको बसूस. तुझी इच्छा. माझं तू का ठरवतोस?"

"मी नाही म्हणतोय."

"ऐकलं. पण मी विचारलेलं नाहीये."

बत्तीस वर्षांची ओळख आमची, अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि ह्या दोन वाक्यांनी स्वयंपाकघरातलं सगळं थांबल्यासारखं झालं. फक्त फ्रिज गुणगुणत होता. मला वाटलं तो उठून बाहेर जाईल आणि सायकलला कुलूप घालेल. तो तसाच बसून राहिला.

बाहेर डोरीन सायकलपाशी वाकून काहीतरी बघत होती. आम्ही आल्यावर म्हणाली, "ब्रेकचे पॅड किती झिजलेत. कधी घातले हे?"

"सहलीच्या पहिल्या दिवशी," मी म्हणाले. "ग्रेग म्हणाला होता नवे आहेत."

"एवढ्यात?" डोरीन म्हणाली. मुकुंदने विषय बदलून सीट किती खाली घ्यायची ते विचारलं. तिने ग्रेगने सायकलच्या पिशवीत ठेवलेले जादा पॅड काढले आणि बदलले, आणि आम्ही निघालो. निघताना मुकुंदने माझ्या हेल्मेटचा पट्टा नेहमीसारखा ओढून बघितला.

पहिलं वळण येईपर्यंत आम्ही वेड्यावाकड्या झुलत गेलो. टँडेमवर दोघांचे पाय एकाच लयीत पडावे लागतात आणि डोरीनची लय मुकुंदपेक्षा जड होती. ती फार बोलतही नव्हती. खड्डा आला की "खड्डा", गिअर बदलताना "गिअर". मुकुंद असता तर म्हणाला असता, डावीकडे बघ कसली हिरवी टेकडी आहे, वर तीन पांढरे ढग. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग माझ्या लक्षात आलं की मला ऐकू यायला लागलंय.

तिथल्या अरुंद रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं असतात, झुडपांची, दाट. त्यामधून जाताना चाकांचा आवाज बोळातून गेल्यासारखा घुमतो. मध्येच शेताचं फाटक आलं की आवाज एकदम मोकळा होतो आणि गालावर वारा लागतो, मग पुन्हा बंद. एका गावात कापलेल्या गवताचा वास आला आणि दगडी भिंतीवरून परतलेला आमचाच आवाज, तिथे चर्च असणार. पुढे शिळ्या बिअरचा वास. "पब?" मी विचारलं. "केन इथेच वळायचा," डोरीन म्हणाली. गाव संपल्यावर आंबलेल्या वैरणीचा वास, मग मेंढ्यांचा, ओल्या लोकरीचा. हे सगळं गेले तीन दिवस माझ्या दोन्ही बाजूंना होतंच. मी ते मुकुंदच्या डोळ्यांनी बघत आले होते, आणि त्याचे डोळे चांगले होते, पण ते त्याचे होते.

मग चढ लागला. तो संपेना. माझा गुडघा ठणकायला लागला आणि माझे पाय नकळत सैल पडले.

"ए," डोरीन धापा टाकत म्हणाली, "पाय मार. मी तुला पोत्यासारखी वाहून नेणार नाही."

मुकुंदने असं कधी म्हटलं नसतं. मी थकले की तो आपला जोर वाढवायचा आणि मला कळू द्यायचा नाही. निदान त्याला तसं वाटायचं. मी दात खाऊन पाय मारायला लागले. वर पोचलो तेव्हा आम्हा दोघींनाही बोलता येत नव्हतं. वरचा वारा निराळाच होता, कशालाही न अडता आलेला.

"आता खाली जायचंय," डोरीन जरा वेळाने म्हणाली. "लांब उतार आहे. रस्ता कोरडा, जवळजवळ सरळ. मी हा रस्ता लहानपणापासून उतरतेय. कसं जायचं सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे सांभाळत जायचं की सोडून द्यायचं?"

मला कुणी तोवर हा प्रश्न विचारला नव्हता. "सोडून दे," मी म्हणाले.

आधी काहीच विशेष झालं नाही. मग पेडल पायाखालून पळायला लागलं. डोरीनने पाय थांबवले, माझेही थांबले. वारा कानात शिरला. मी त्या आवाजाची वाट बघत होते, घर्रर्र. तो येईना. वेग वाढला, मग आणखी वाढला, मला वाटलं आता संपला, तर त्याच्यापुढेही होता. गाल मागे ओढले गेले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बघायच्या कामाचे राहिले नाहीत तरी पाणी त्यांना येतंच. कुठेतरी पुढे एक मेंढी ओरडली आणि तिचं ओरडणं पूर्ण व्हायच्या आत ती माझ्या मागे गेली होती. कुंपणातली फाटकं एकेक करून कानावर थापडीसारखी बसत होती. मी घाबरले. माझ्यासमोरच्या न वळणाऱ्या हँडलची मूठ दोन्ही हातांनी आवळून मी खरोखरच घाबरले, आणि त्याच वेळी मला कळलं की सहा वर्षांत मला कुणी घाबरू दिलेलं नाही. मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. पुढून डोरीनही ओरडत होती.

एके ठिकाणी मेंढ्या रस्त्यात आल्या म्हणून तिने वेग कमी केला, त्यांना बाजूने घातलं आणि पुन्हा सोडून दिलं. खाली ओढा होता, त्याच्या पुलाशी सायकल आपोआप मंद होत थांबली.

"डोरीन, सायकलमध्ये काही बिघडलंय का?" मी विचारलं. "तो आवाज आलाच नाही."

"कुठला?"

मी तोंडाने काढून दाखवला. "उतारावर येतो तो."

"तो उताराचा आवाज नाही गं," ती म्हणाली. "तो ब्रेकचा. सतत दाबून धरला की येतो."

ओढ्याचं पाणी दगडांवरून वाहत होतं. मी ते ऐकत उभी राहिले.

"आपला वेग किती होता?" मी विचारलं. हँडलवर वेग दाखवणारं छोटं यंत्र होतं.

"सगळ्यात जास्त? बावन्न. किलोमीटरमध्ये दिसतोय हा."

"आणि पस्तीस म्हणजे कसं असतं?"

"मेंढ्यांपाशी हळू केलं ना मी? तेव्हा असेल साधारण."

मला नाशिकचे सगळे रविवार आठवले. पस्तीस, निरू, पस्तीसने चाललोय. मेंढ्यांपाशी डोरीनने हळू केलं तेव्हाही जो वारा तोंडावर होता, तो मला त्र्यंबक रोडवर कधीही लागला नव्हता.

"पुढे जायचं ना?" डोरीनने विचारलं.

"जायचं," मी म्हणाले.

दुसऱ्या चढावर निम्म्यात असताना मागून व्हॅन आली. तिचा हॉर्न मी तीन दिवसांत ओळखायला शिकले होते. आम्ही कडेला थांबलो. दार सरकलं आणि मुकुंदची पावलं डांबरावरून माझ्याकडे आली. धावत.

"ठीक आहेस? पाणी आहे का? गुडघा?"

"मुकुंद, आपण त्र्यंबक रोडच्या उतारावर किती वेगाने जायचो?"

"काय?"

"किती? पस्तीस ना?"

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. डोरीन पुढे सायकल धरून उभी होती, आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण ती मुद्दामच तिकडे तोंड करून ग्रेगशी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली.

"तू खूश व्हायचीस," मुकुंद म्हणाला.

"खरा आकडा किती होता?"

"पंधरा. कधी सोळा."

"सहा वर्षं?"

"निरू, मला दिसतं," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं ते. मला सगळं दिसतं. समोरून आलेला ट्रक दिसतो, कडेचा उतार दिसतो, आणि मागे तू बसलेली, हात सोडून हसतेयस. मी ब्रेक सोडूच शकत नाही. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"मग तसं सांगायचंस."

"काय सांगायचं? मी घाबरतो म्हणून?"

"हो. घाबरतो म्हणून सांगायचं. ब्रेक धरलाय म्हणून सांगायचं. मी म्हटलं असतं, धर. तुझ्यासाठी आयुष्यभर पंधराने गेले असते, मुकुंद. पण पंधराने जातेय हे मला माहीत असायला हवं होतं."

व्हॅनचं इंजिन कट्कट् करत थंड होत होतं. शेजारच्या शेतात मेंढ्या गवत उपटून खात होत्या, तो आवाजही येत होता.

"मी नेतो पुढे," मुकुंद म्हणाला. "डोरीनना ग्रेगबरोबर परत जाऊ दे. मी चालवतो. ये."

त्याने माझा दंड धरला. मी तो हळूच सोडवला.

"आज नाही."

"निरू."

"आज मी हिच्याबरोबर जाणार. तू व्हॅनमध्ये बस."

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि त्या क्षणी तो दिसावा असंही मला वाटलं नाही. मी सायकलीकडे वळले, हाताने सीट शोधली आणि बसले. "डोरीन, चल." आम्ही चढावरच कशाबशा सुरू झालो, आणि व्हॅन बराच वेळ मागेच उभी होती. ती आमच्या पुढे गेली तेव्हा आम्ही जवळजवळ माथ्यावर होतो. ग्रेगने ती इतकी हळू नेली की आमच्यावर धूळही उडाली नाही.

मुक्कामाच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून उबदार होतं. डोरीनने मला मिठी मारली, तिच्या अंगाला घामाचा आणि साबणाचा वास येत होता. "सात पलंग," ती म्हणाली आणि ग्रेगबरोबर परत गेली. आता दरवर्षी नाताळात आमचा फोन होतो. ती अजून चादरींची तक्रार करते.

जेवण झाल्यावर मुकुंद आणि मी बागेतल्या बाकावर बसलो. माझ्या गुडघ्यावर त्याने बर्फाची पिशवी धरली होती.

"उद्याचा शेवटचा दिवस," तो म्हणाला. "तू काय ठरवलंयस?"

"मी सायकलवर जाणार. पुढे कोण बसणार ते तू ठरव."

"आणि मी ब्रेक धरला तर?"

"धर. पण धरलास की मोठ्याने म्हण, ब्रेक. आणि आकडा विचारला तर जो असेल तो सांग."

"एवढंच?"

"एवढंच. जमणार नसेल तर ग्रेगला बसवेन पुढे. नाहीतर गावात कुणाला तरी विचारेन. मला आता विचारता येतं."

त्याने पिशवी दुसऱ्या बाजूला फिरवली. ती फारच गार होती, पण मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुढे मुकुंद बसला. पहिल्या उतारालाच त्याने "ब्रेक" म्हटलं आणि मग पावलोपावली म्हणत राहिला. ब्रेक, निरू. ब्रेक. अजून ब्रेक. सुरुवातीला त्याला लाज वाटत होती, शब्द तोंडातल्या तोंडात यायचा. दुपारपर्यंत तो भाजीवाल्यासारखा खणखणीत ओरडायला लागला. वाटेत काही माणसं थांबून बघत होती म्हणे. मी प्रत्येक वेळी "ठीक" म्हणत होते, आणि जिथे मला चाकाखाली रस्ता कोरडा आणि सरळ वाटला तिथे "का?" असं विचारत होते. "वळण आहे," तो म्हणायचा. "ट्रॅक्टर आहे." एकदा म्हणाला, "काही नाही. उगीच." तेव्हा मी काही बोलले नाही आणि घर्रर्र थोडी कमी झाली.

सहल जिथे संपणार होती त्या गावात शिरायच्या आधी शेवटचा मोठा उतार होता. मुकुंद तो संपेपर्यंत ओरडत होता. खाली चौकात ग्रेग सायकल व्हॅनवर चढवायला तयार उभा होता, बाकीची मंडळी आत बसलेली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आम्ही थांबलो. मुकुंदची पाठ घामाने भिजली होती, मी तिच्यावर हात ठेवला.

"किती?" मी विचारलं.

त्याने यंत्राकडे बघितलं असणार.

"एकोणीस," तो म्हणाला.

सायकलवरून इतका छोटा आकडा त्याने मला कधी सांगितला नव्हता.

"पूर्ण उतारावर, सगळ्यात जास्त, एकोणीस," तो पुन्हा म्हणाला. "शप्पथ."

ग्रेग जवळ आला आणि त्याने सायकलच्या हँडलला हात घातला. "झालं तर मग," तो म्हणाला. "उतरा दोघं, मी वर बांधतो हिला. स्टेशनवर वेळेत पोचायला हवं."

"नाही झालं," मी म्हणाले. "मुकुंद, सायकल फिरव."

"कुठे?"

"वर. हा उतार परत उतरू या."

"निरू, गाडी चुकेल."

"पुढची मिळेल."

तो हसला की रडला ते मला नक्की सांगता येणार नाही. त्याच्या पाठीवरच्या माझ्या हाताला फक्त एक हिसका कळला. मग त्याने ग्रेगचा हात हँडलवरून बाजूला केला, सायकल वळवली आणि आम्ही पाय मारायला लागलो. चढ भयंकर होता. मागे व्हॅनचं इंजिन चालू होतं, आणि आम्ही पहिलं वळण पार करेपर्यंत ते मला ऐकू येत होतं.